हनुवटीवर लेझर केलं, डाग पडलेत! लवकर सांगा

मुग्धा_कोथरूड:
हनुवटीच्या केसांसाठी लेझर चालू आहे. दुसऱ्या सिटिंगनंतर काळपट डाग पडलेत आणि केस आहेत तिथेच! पार्लरवाली म्हणते, होतं असं, याच आठवड्यात पुढची सिटिंग करून टाका. करू का? भावाचं लग्न तोंडावर आलंय.

झुंबर:
लेझर कुठलं? डायोड की एनडी याग? रंग कसा आहे? मध्ये थ्रेडिंग केलंस का?

मुग्धा_कोथरूड:
लेझर म्हणजे लेझर! पांढरं मशीन आहे. रंग गव्हाळ. थ्रेडिंग करतेच, नाहीतर ऑफिसला कशी जाऊ?

झुंबर:
तिथेच गोम आहे. केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, प्रकाश शोषतं, तापतं आणि त्या उष्णतेने मूळ जळतं. तू मूळच उपटून टाकलंस तर लेझर जाळणार काय? दोन सिटिंगच्या मध्ये फक्त रेझर.

शकूमावशी:
बाईच्या तोंडावर रेझर?? राठ केस येतील गं. मसूर डाळ, हळद, साय लाव. माझ्या जावेला गुण आला.

खवचट:
मावशी, रेझरने केस वाढत नाहीत. टोक बोथट होतं म्हणून खरखरीत लागतात. भाजल्या जागी डाळ चोळायला सांगू नका.

शकूमावशी:
आम्ही काय बिनकेसांच्या जन्मलो होतो का?

त्वचावाला:
डाग असताना लेझर अजिबात नको. मेलॅनिन त्वचेतही असतं, तेही तापतं. गव्हाळ-सावळ्या रंगाला ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचं अलेक्झांड्राइट लेझर चटकन भाजतं. १०६४ चं एनडी याग त्यामानाने सुरक्षित. पार्लरमध्ये बरेचदा आयपीएललाच (लेझर नव्हे, तीव्र प्रकाशाचे झोत टाकणारं मशीन) लेझर म्हणतात, तेही विचारा. चेहऱ्याला साधारण ४ ते ६ आठवड्यांचं अंतर लागतं. सध्या सनस्क्रीन लावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पाळी नियमित आहे?

मुग्धा_कोथरूड:
पाळीचा काय संबंध? दोन-दोन महिने येत नाही.

त्वचावाला:
मग आधी पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हॉर्मोनचा विकार) आहे का ते तपासा. हॉर्मोन बिघडलेले असतील तर एकीकडे केस जाळायचे, दुसरीकडे नवे उगवणार.

बंड्या:
माझ्या कानावरचे पांढरे केस जातील का लेझरने? ठाण्यात कितीला पडेल?

खवचट:
पांढऱ्यात मेलॅनिनच नाही, पैसे वाचले तुमचे. वेगळा धागा काढा.

शकूमावशी:
पीसीओएसला रोज भिजवलेल्या मेथ्या.

मुग्धा_कोथरूड:
सिटिंग रद्द केली. पार्लरवाली म्हणते पॅकेजचे पैसे परत मिळत नाहीत. आता??