वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी: लाभ कोणाला, झळ कोणाला?

प्रश्न (वणीकर_वाचक):
चंद्रपूर, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा आणि वणी या पट्ट्यात खाणींचा विषय निघाला की एक बाजू रोजगाराबद्दल बोलते आणि दुसरी धुळीबद्दल. दोघांचेही म्हणणे खरे असले तरी त्यातून हिशेब लागत नाही. खाणीसाठी ज्याची जमीन संपादित झाली आणि खाणीला लागून असूनही ज्याची जमीन घेतली गेली नाही, अशा दोन शेतकऱ्यांच्या पदरात प्रत्यक्षात काय पडते, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर (जमाखर्च):
पहिल्या शेतकऱ्याला मोबदला मिळतो, शिवाय कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार साधारणपणे दोन एकरांमागे एका नोकरीची तरतूद आहे. ही नोकरी कायम स्वरूपाची असल्याने कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या बेभरवशाच्या उत्पन्नाशी तिची तुलनाच होऊ शकत नाही, आणि म्हणूनच 'आमची जमीन घ्या' अशी मागणी करणारे शेतकरीही या भागात भेटतात, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. भूमिहीन मजुराला मात्र एकरांच्या या सूत्रातून नोकरी मिळत नाही. शिवाय भूमिगत खाणींना मनुष्यबळ पुष्कळ लागत असे. आता वेकोलिचे (वेस्टर्न कोलफील्ड्स, या भागातील कोल इंडियाची उपकंपनी) बहुतांश उत्पादन खुल्या खाणींतून होते आणि माती हटवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे असते, त्यामुळे उत्पादन वाढले तरी कायम नोकऱ्या त्या प्रमाणात वाढत नाहीत.

दुसऱ्या शेतकऱ्याच्या नावावर थेट काहीच जमा होत नाही. कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्याला मिळते आणि १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांवर त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम वेगळी भरली जाऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जाते, म्हणजे शंभर रुपयांच्या कोळशामागे चार रुपये वीस पैसे. खाणबाधित गावांसाठी असलेला हा निधी पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण अशा कामांतूनच त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो.

उत्तर (भूजल_अभ्यासक):
वरील हिशेबात पाण्याची बाजू धरावी लागेल. खुली खाण भूजलपातळीच्या खाली गेली की ती कोरडी ठेवण्यासाठी सतत उपसा करावा लागतो, आणि मग आसपासच्या विहिरींचे पाणी खाणीच्या दिशेने उतरू लागते. म्हणजे ज्याची जमीन संपादनाच्या रेषेबाहेर राहिली त्याला नोकरी तर मिळत नाहीच, वर ओलिताची सोय गमावण्याचा धोका असतो. कोळशावरील माती आणि दगड काढून रचलेल्या ढिगाऱ्यांचे तसेच आहे: पावसात त्यांतील गाळ नाल्यांत आणि शेतांत उतरतो. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठावरील ढिगारे हा शहरातील पुराच्या चर्चेत वारंवार येणारा मुद्दा आहे.

धुळीबाबत मात्र सगळा दोष खाणींवर टाकणे योग्य नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते, पण त्यामागे औष्णिक वीज केंद्र, सिमेंट कारखाने आणि कोळशाची ट्रकवाहतूक यांचाही वाटा होता.

प्रश्नकर्ता (वणीकर_वाचक):
आभारी आहे. खाण बंद झाल्यावर दुसऱ्या शेतकऱ्याची स्थिती सुधारते का?

उत्तर (जमाखर्च):
उपसा थांबल्यावर पाणीपातळी हळूहळू सावरते. जमिनीबद्दल तसे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले, ते जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीवर उभे होते. अलीकडच्या खाणींना २००९ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंदीकरण आराखडा (खाण बंद करण्याचा आराखडा) आणि त्यासाठी एस्क्रो खाते, म्हणजे अटी पूर्ण झाल्यावरच पैसे काढता येणारे राखीव खाते, बंधनकारक आहे. खड्डा पुन्हा भरणे आणि वृक्षलागवड यांसारखी कामे होतील त्या प्रमाणात, पडताळणीनंतर, दर पाच वर्षांनी जमा रकमेचा काही भाग कंपनीला परत मिळतो. तेव्हा आपल्या गावाजवळच्या खाणीचा आराखडा मागवून त्यात सुपीक काळी माती कोठे साठवली आहे आणि शेवटी उरणारा खड्डा किती खोल असेल, एवढ्या दोन बाबी आधी पाहाव्यात.