प्राण्यांच्या शेल्टरला देणगी द्यायची, पण आधी तिथे काय बघायचं? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

मंदार (ए-४०२, सचिव): नमस्कार मंडळी. शेल्टरला द्यायला कमिटीने १५,००० रुपये बाजूला ठेवलेत. आपल्या आवारातल्या तीन कुत्र्यांची नसबंदीही बाकी आहे. दोन संस्थांची नावं आलीत, रविवारी दोन्हीकडे जाऊन येतोय. तिथे नेमकं काय बघायचं? केतकीताई, शिंदेकाका, जरा सविस्तर लिहा.

प्रणव (ए-९०१): एकीकडे साडेतीनशे प्राणी आहेत, दुसरीकडे साठच. मोठ्या संस्थेलाच द्या की.

डॉ. केतकी (सी-११०१): प्रणव, नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. माणसं किती आहेत ते विचार. साफसफाई आणि खाणंपिणं मिळून एका प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटं धरायची, असा शेल्टरवाल्यांचा जुना हिशेब आहे. ६० प्राण्यांना १५ तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीची दोन माणसं. ३५० प्राण्यांना साधारण ८७ तास, म्हणजे अकरा माणसं. औषधं, ड्रेसिंग, फिरवणं हे सगळं वेगळं. तिथे चारच कामगार दिसले तर काय होत असेल ते ओळखता येतं: पाण्याची भांडी घासली जात नाहीत, नुसती वरून भरली जातात. आणि कुणी खाणं सोडलंय हे तिसऱ्या दिवशी लक्षात येतं.
फोनवर कुणी 'सध्या जागा नाही' म्हणाले तर मी त्यांना एक गुण जास्त देईन, कारण ते झेपतील तेवढेच प्राणी घेतात.

मंदार (ए-४०२, सचिव): हे बरं सांगितलंत. गेल्या गेल्या पहिला प्रश्न कुठला विचारू?

डॉ. केतकी (सी-११०१): 'आज सकाळी आलेलं कुत्रं कुठे आहे? दाखवा.' तुम्हाला ते इतरांच्यात मिसळलेलं दिसलं तर पुढचं बघायची फारशी गरज नाही.
पार्व्हो हा कुत्र्यांचा आतड्यांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू अंगात शिरल्यापासून उलट्या-जुलाब सुरू व्हायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी १४ सुद्धा. डिस्टेंपरला (श्वसन आणि मेंदूवर परिणाम करणारा कुत्र्यांचा आजार) त्याहून जास्त. तोवर पिल्लू अगदी ठणठणीत दिसतं आणि सगळ्यांमध्ये आजार पसरवत फिरतं. म्हणून नवीन प्राणी निदान दोन आठवडे वेगळा हवा. त्याची भांडी, झाडू, गमबूट वेगळे. पार्व्हो-डिस्टेंपरची लस दारात, पहिल्याच दिवशी. 'स्थिरावला की देऊ' हे उत्तर चुकीचं. पिल्लांना दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे सुरुवातीचे डोस वाया जाऊ शकतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.
फ्रिज उघडून बघा. आत थर्मामीटर हवा, २ ते ८ अंश. लस दाराच्या कप्प्यात नको आणि जेवणाच्या डब्यांच्या शेजारी तर नकोच. रेबीजची लस गोठली की फेकायचीच.

देशपांडे काकू (बी-२०३): फिनाईलचं पण लिही गं. बऱ्याच ठिकाणी मांजरांच्या खोलीत काळं फिनाईल ओततात.

डॉ. केतकी (सी-११०१): हो काकू, महत्त्वाचं आहे. मांजराच्या यकृताला फिनाईलमधलं फिनॉल नीट पचवता येत नाही. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते. डेटॉलसारखी जंतुनाशकंही त्यांच्यासाठी नकोत. शिवाय फिनाईलने वास जातो, पार्व्हो जात नाही. फरशीवर तो महिनोन्महिने टिकतो. त्याला हायपोक्लोराइट (ब्लीच) लागतं: ५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात ३० मिली, १० टक्क्यांचं असेल तर १५ मिली. कॅनवरचे टक्के वाचायचे. आधी घाण उचला, साबणाने घासा, धुवा, पाणी निथळू द्या. मग ब्लीच टाकून १० मिनिटं राहू द्या, पुन्हा धुवा, सुकवा. विष्ठेवरच ओतलं तर ब्लीच तिथेच खर्ची पडतं. द्रावण रोज ताजं. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये ते कधीच मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो.

प्रणव (ए-९०१): आम्ही जाऊ तेव्हा धुऊन चकचकीतच ठेवलेलं असणार ना!

डॉ. केतकी (सी-११०१): मग धुताना बघायला जा, सकाळी आठ-साडेआठला. कुत्रं आत असतानाच पाइपचा फवारा मारतात का? तसं केलं तर ते भिजतं, घाबरतं आणि घाण शेजारच्या पिंजऱ्यात उडते. दोन कप्प्यांचा पिंजरा त्यासाठीच असतो: मधलं दार उचलून कुत्रं पलीकडे, इकडचा कप्पा साफ. क्रमही बघा. आधी निरोगी पिल्लं, मग मोठी, मग नवीन आलेली, आजारी शेवटी. उलट क्रमाने फिरणारा झाडू स्वतःच रोग पसरवतो.
आणि भिंतींच्या फटी. गोचीड तिथे चढून अंडी घालते. कुत्र्याला कितीही औषध लावा, फटी बुजवल्या नाहीत तर एहर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडीतून होणारे रक्ताचे आजार पाठ सोडत नाहीत.

देशपांडे काकू (बी-२०३): मांजरांना कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येणार नाही अशी खोली हवी. प्रत्येकीला लपायला खोका हवा, साधा पुठ्ठ्याचाही चालतो. घाबरलेलं मांजर खाणं सोडतं, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठायला लागते. कोणी किती खाल्लं याचा तक्ता दारावर लावलेला असला तर उत्तम.

शिंदे काका (सी-३०४): ऑपरेशन थिएटरचं मी लिहितो. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंश, १५ पौंड दाब, हत्यारांच्या गुंडाळलेल्या पॅकला ३० मिनिटं. पॅकवरची टेप काळी झाली म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू मेलेच असं ती सांगत नाही. म्हणून पॅकच्या आतली पट्टीही बघायला मागा. हत्यारं नुसती उकळून किंवा स्पिरिटमध्ये बुडवून जीवाणूंचे बीजाणू मरत नाहीत.
एक सोपी युक्ती: रजिस्टरवरून दिवसाला किती शस्त्रक्रिया होतात ते विचारा आणि कपाटातले पॅक मोजा. २० शस्त्रक्रिया आणि ६ पॅक असतील तर मध्ये ऑटोक्लेव्ह किती वेळा लागलं ते विचारायचं. काढलेले अवयव पिवळ्या पिशवीत जायला हवेत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पशुवैद्यकीय ठिकाणांनाही लागू आहेत.

मंदार (ए-४०२, सचिव): 🙏 काका.

डॉ. केतकी (सी-११०१): शस्त्रक्रियेनंतरचे पहिले २४ तास नाजूक. आत रक्तवाहिनीला बांधलेली गाठ सुटली तर रक्त पोटातच साठतं, बाहेर थेंबही दिसत नाही, हिरड्या मात्र पांढऱ्या पडतात. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हे रात्री कोण बघतं? भुलीतून उठणारं कुत्रं उघड्या फरशीवर नको, अंग थंड पडतं आणि शुद्ध यायला वेळ लागतो. खाली पोतं तरी हवंच. वेदनाशामक दिल्याची नोंद मागा, फक्त अँटिबायोटिकची नको. मादीला चार-पाच दिवस ठेवायला हवं, कारण टाके उसवायचे असतील तर बहुधा त्याच दिवसांत उसवतात.

प्रणव (ए-९०१): मग आपली तिन्ही तिथेच ठेवून घ्या म्हणावं!

डॉ. केतकी (सी-११०१): तसं करता येत नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं उचललं त्याच जागी सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही तेच ठेवलं, रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळून. उचललेली कुत्री परत न सोडण्याचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश शाळा, रुग्णालयं, बस-रेल्वे स्थानकं अशा जागांचा आहे, आपल्या सोसायटीचा नाही. संस्थेकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. सहा महिन्यांखालचं पिल्लू उचलायचं नाही.

शिंदे काका (सी-३०४): कामगारांना रेबीजची आगाऊ लस दिली आहे का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी प्राण्यांच्या लशींची फाइल असते, माणसांची नसते.

मंदार (ए-४०२, सचिव): देणगी रोख द्यावी की वस्तू?

डॉ. केतकी (सी-११०१): त्यांना विचारून वस्तू. प्लॅटफॉर्मचा वजनकाटा नसेल तर आधी तोच, कारण भुलीचा डोस वजनावर ठरतो आणि अंदाज चुकला तर प्राणी जाऊही शकतो. जुन्या चादरी चालतात. दुधाची पाकिटं आणि बिस्किटं नेऊ नका.
आपल्या तिघांपैकी पांढरी-तपकिरी मादी दूध पाजतेय ना? पिल्लं किती दिवसांची आहेत?

देशपांडे काकू (बी-२०३): डोळे उघडलेत. दात अजून दिसत नाहीत.

डॉ. केतकी (सी-११०१): म्हणजे दोन ते तीन आठवड्यांची. तिला अजून पाच-सहा आठवडे पाठवायचं नाही. एक तर पिल्लं उपाशी मरतील, शिवाय दुधाने भरलेल्या ग्रंथींना रक्तपुरवठा जास्त असतो, शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाकी दोघांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि नेहमी बसतात ती जागा लिहा, 'गेट क्र. २, जनरेटरमागे' असं नेमकं. चिठ्ठीवर नुसतं सोसायटीचं नाव असलं तर कुत्रं पलीकडच्या रस्त्यावर सोडलं जातं. गाडी येईल तेव्हा काकू, तुम्ही खाली या, तुमच्या हाकेला येतात. जाळं लागणार नाही.

देशपांडे काकू (बी-२०३): येते. सकाळी सातच्या आत बोलवा, नंतर स्कूलबस येतात.