वायुसेनेच्या तांत्रिक प्रशिक्षण संस्था : जलहळ्ळी, तांबरम आणि बेळगाव यांची व्यवस्था कशी घडली?

प्रश्न – विज्ञान शिक्षक, अमळनेर

नमस्कार. माझे वडील १९६० च्या दशकात वायुसेनेत रेडिओ मेकॅनिक होते. त्यांच्या जुन्या कागदपत्रांत प्रशिक्षणाचे ठिकाण म्हणून बंगळूरजवळच्या जलहळ्ळी येथील ग्राउंड ट्रेनिंग स्कूलची नोंद आहे. आमच्या गल्लीतील एक गृहस्थ एअरफ्रेम फिटर म्हणून निवृत्त झाले, ते मात्र चेन्नईजवळच्या तांबरमला शिकले. गेल्या वर्षी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी निवडला गेला, तो थेट बेळगावला रुजू झाला. तिघांचेही दल एक आणि कामाचे स्वरूप तांत्रिक असताना तिघांची शिक्षणाची ठिकाणे वेगळी का, याचा उलगडा मला होत नाही.

आपल्या खानदेशात सैन्यभरती म्हटली की मुलांच्या डोळ्यांसमोर मैदानावरची धावण्याची परीक्षाच येते. पदविका घेतलेली मुले वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीचा, रेल्वेचा किंवा फार तर ओझरच्या विमान कारखान्याचा विचार करतात. वायुसेना स्वतः तंत्रज्ञ घडवते आणि त्यासाठी तिच्या स्वतंत्र संस्था आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. नववी-दहावीच्या वर्गांसमोर या विषयावर मला बोलायचे आहे. या संस्थांचा उगम कोठे झाला, त्यांची आजची रचना कशी आहे आणि एखादा मुलगा त्यांतून कोणकोणत्या टप्प्यांनी पुढे जातो, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ – लष्करी इतिहासाचा वाचक, भुसावळ

सर, उगमापासून सुरुवात करतो, कारण आजची विभागणी त्या इतिहासातूनच आली आहे.

भारतीय वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे तिची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. चार वापिटी विमाने, ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेले सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही, एवढाच तिचा संसार होता. त्या सहा अधिकाऱ्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे, परंतु आपल्या प्रश्नाचे मूळ त्या १९ हवाई सिपायांत आहे, असे मला वाटते. त्यांच्यासाठी भारतीय तंत्रशाळा नव्हती. ब्रिटिश वायुदलातील मेकॅनिकांच्या हाताखाली उभे राहून, प्रत्यक्ष विमानावर काम करत त्यांना शिकावे लागले, आणि भारतीय माणसाला विमानाची यंत्रे सांभाळणे जमणार नाही, असा ग्रह असलेल्या वातावरणात शिकावे लागले. आपल्या भुसावळच्या लोको शेडमध्ये पूर्वी अप्रेंटिस पोरगा मिस्त्रीच्या पाठीमागे फिरून शिकत असे, त्यातलाच हा प्रकार होता.

या काळातील हरजिंदर सिंग यांचे नाव आपण वर्गात अवश्य घ्यावे. लाहोरच्या मॅक्लॅगन इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेला हा तरुण अधिकारी म्हणून नव्हे, तर साधा हवाई सिपाही म्हणून दाखल झाला. १९४२ च्या ब्रह्मदेशातील मोहिमेत मुळात टेहळणीसाठी असलेल्या लायसँडर विमानांना बॉम्ब बसवण्याची सोय त्यांच्या तुकडीने केली आणि त्या विमानांनी जपानी तळांवर हल्ले केले. पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले, मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले आणि कानपूरला ॲव्ह्रो ७४८ जातीच्या वाहतूक विमानांची बांधणी सुरू होण्यामागे त्यांचाच आग्रह होता.

दुसरा धागा ब्रिटनमधला आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश वायुदलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांनी असा विचार मांडला की वायुदलाला कुशल कारागीर बाजारातून मिळणार नाहीत, ते कोवळ्या वयात घेऊन स्वतःच घडवावे लागतील. त्यानुसार हॉल्टन येथील तंत्रशाळेत १९२२ च्या जानेवारीत शिकाऊ मुलांची पहिली तुकडी आली. तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम होता आणि त्यात कार्यशाळेइतकेच महत्त्व गणित व विज्ञानाला दिलेले होते. जेट इंजिनाचे जनक फ्रँक व्हिटल हे याच शिकाऊ योजनेतून, क्रॅनवेलच्या शाखेतून, वर आले. यंत्रज्ञाला केवळ हाताचे कसब देऊन भागत नाही, त्याला कारणमीमांसाही कळली पाहिजे, हा ट्रेंचर्ड यांचा आग्रह आपल्या वायुसेनेने पुढे स्वीकारला.

फाळणीने मात्र मोठा घाव घातला. कराचीचा ड्रिग रोड डेपो, लाहोर आणि रिसालपूर येथील प्रशिक्षणाच्या सोयी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या. विमाने आणि माणसे वाटून घेता आली, परंतु कार्यशाळा, वर्ग आणि हँगर उचलून आणता येत नव्हते. त्यामुळे दक्षिणेत, सीमेपासून दूर, नवी घडी बसवावी लागली. २२ जुलै १९४९ रोजी ट्रेनिंग कमांडची स्थापना झाली आणि तिचे मुख्यालय पुढे बंगळूरला स्थिरावले. तांत्रिक अधिकाऱ्यांसाठीचे महाविद्यालयही १९४९ मध्येच जलहळ्ळीत सुरू झाले. तेच आजचे एअर फोर्स टेक्निकल कॉलेज होय. जलहळ्ळीत महायुद्धाच्या काळातील लष्करी वसाहतीच्या इमारती तयार होत्या आणि त्याच शहरात हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना होता. नव्या देशाला तंत्रशिक्षण उभारण्यासाठी याहून सोयीची जागा क्वचितच मिळाली असती. आपल्या वडिलांची शाळा जलहळ्ळीत का होती, त्याचे मूळ कारण हे आहे.

उत्तर २ – निवृत्त वॉरंट ऑफिसर, धुळे

भुसावळच्या मित्रांनी इतिहास नेमका सांगितला आहे. मी स्वतः तांबरमला शिकलो, स्क्वाड्रनमध्ये राबलो आणि सेवेची शेवटची वर्षे ओझरच्या बेस रिपेअर डेपोत काढली. रचनेविषयी त्या अनुभवावरून लिहितो.

गुरुजी, आपल्या परिचयाच्या तिघांची ठिकाणे वेगळी आहेत, कारण त्यांतील दोन ठिकाणे दोन ट्रेडची, म्हणजे कामाच्या दोन प्रकारांची, आहेत आणि तिसरे ठिकाण प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्याचे आहे. बेळगावजवळ सांबरा येथे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. तेथे मुलगा आधी सैनिक होतो. कवायत, शस्त्रहाताळणी, शारीरिक क्षमता, शिस्त आणि सेवेचे नियम हे सगळे तेथे होते. त्यानंतर ट्रेडप्रमाणे वाटा फुटतात. एअरफ्रेम, इंजिन अशा यांत्रिक कामांचे शिक्षण तांबरमच्या मेकॅनिकल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये होते, आणि लेथ, वेल्डिंग, पत्राकाम अशी कार्यशाळेची कामे तेथल्याच वर्कशॉप ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवली जातात. रडार, रेडिओ आणि दळणवळण यांच्यासाठी जलहळ्ळीत इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन यांच्या दोन स्वतंत्र संस्था आहेत. वाहनांचे प्रशिक्षण आवडीला होते. अधिकाऱ्यांची वाट वेगळी आहे. त्यांची सुरुवात हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील अकादमीत होते आणि मग ते जलहळ्ळीच्या टेक्निकल कॉलेजात यांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेचे वैमानिकी अभियंते म्हणून तयार होतात.

या संस्थांतून बाहेर पडलेला मुलगा लगेच विमानाला हात लावू शकतो, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. ट्रेड शिकला म्हणजे इंजिन कसे चालते, हायड्रॉलिक दाब कसा निर्माण होतो, दुरुस्तीची शिस्त काय असते, हे कळले. अमुक जातीचे विमान त्याला अजून यायचे असते. त्यासाठी टेट्रा नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाळा आहेत. त्या बहुधा ज्या तळावर ते विमान असते तेथेच असतात आणि तेथे त्या एकाच विमानाचा अभ्यास केला जातो. त्यानंतर स्क्वाड्रनमध्ये ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करत, परीक्षा देत, स्वतःच्या सहीने काम पूर्ण झाल्याचे नोंदवण्याचा अधिकार मिळवावा लागतो.

या सहीविषयी आपण मुलांना जरूर सांगावे. प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, तिला आम्ही एफ-७०० म्हणतो. उड्डाणापूर्वीची तपासणी, दोन उड्डाणांमधली तपासणी, उड्डाणानंतरची तपासणी, बदललेला प्रत्येक भाग, राहून गेलेला प्रत्येक दोष तिच्यात लिहिला जातो, आणि ज्याने काम केले तो आपल्या नावाने सही करतो. वैमानिक ती वही पाहून, स्वतः सही करून विमान ताब्यात घेतो. वीस-बावीस वर्षांच्या कॉर्पोरलच्या सहीवर विश्वास ठेवून एक माणूस आकाशात जातो. आमच्या उस्तादांनी तांबरमला पहिल्या महिन्यापासून हत्यारांची मोजदाद, लॉकिंग वायर वळवण्याची दिशा, स्प्लिट पिन एकदाच वापरण्याचा नियम हे सारे इतक्या कठोरपणे का घोटून घेतले, ते मला पहिली सही करताना समजले. काम सुरू करण्यापूर्वी पेटीतील हत्यारे मोजायची आणि संपल्यावर पुन्हा मोजायची. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान जागचे हलत नाही.

आणखी एक गोष्ट. विमाने बदलली की शाळांनाही बदलावे लागले. ब्रिटिश आणि फ्रेंच विमानांवर तयार झालेल्या पिढीसमोर १९६३ मध्ये मिग-२१ आले. त्याची मोजमापे, पुस्तके आणि देखभालीची पद्धत सोव्हिएत होती. अभियंते व तंत्रज्ञ सोव्हिएत संघात शिकून आले आणि त्यांनी येथे इतरांना शिकवले. ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना झाला तोही याच विमानासाठी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, तेव्हा त्या विमानावर हात बसलेल्या फिटरांच्या कित्येक पिढ्याही मागे वळून पाहत होत्या.

उत्तर ३ – पॉलिटेक्निकमधील अधिव्याख्याता, जळगाव

प्रवेशाची बाजू मी थोडक्यात मांडतो, कारण विद्यार्थी सर्वांत आधी तेच विचारतात. २०२२ पासून वायुसैनिकांची भरती अग्निवीरवायू या नावाने होते. बारावीला गणित, भौतिकशास्त्र व इंग्रजी घेऊन किमान ५० टक्के गुण, किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइल, कॉम्प्युटर, इन्स्ट्रुमेंटेशन वा माहिती तंत्रज्ञान यांपैकी एका शाखेची तीन वर्षांची पदविका, अशी विज्ञान गटाची अट असते. इंग्रजीतील गुण वेगळे पाहिले जातात आणि आपल्या भागातील चांगली मुले नेमकी तेथेच अडतात. म्हणून सरांनी नववीपासूनच इंग्रजीकडे लक्ष वेधावे, असे मी आग्रहाने सुचवतो. मुलींनाही आता ही वाट मोकळी आहे. ग्रामीण पालकांना हे माहीत नसते, त्यामुळे ते स्वतंत्रपणे सांगावे.

सेवेच्या मुदतीविषयी मात्र माझ्या मनात काळजी आहे. पूर्वी वायुसैनिकाची पहिली नेमणूक २० वर्षांची असे. आता ती चार वर्षांची आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम ठेवले जाते. वॉरंट ऑफिसर साहेबांनी सांगितलेले सहीपर्यंतचे टप्पे वेळखाऊ आहेत. इतक्या कमी मुदतीत ट्रेड, विमान आणि अनुभव या तिन्ही गोष्टी पूर्ण कशा व्हायच्या, हा प्रश्न शिक्षक म्हणून मला गंभीर वाटतो. पालकांशी बोलताना दोन्ही बाजू समोर ठेवाव्यात.

प्रश्नकर्ता – विज्ञान शिक्षक, अमळनेर

तिघांचाही मनापासून आभारी आहे. वडिलांच्या बोलण्यात एफ-७०० हा शब्द वारंवार येत असे. त्याचा अर्थ आज कळला. दोन शंका राहिल्या आहेत. रेडिओ मेकॅनिक हा ट्रेड आज कोठे गेला? आणि वडिलांच्या प्रशिक्षणाच्या नेमक्या तारखा मिळवायच्या असतील, तर कोणाकडे विचारणा करावी?

उत्तर – निवृत्त वॉरंट ऑफिसर, धुळे

गुरुजी, पूर्वी रेडिओ, रडार, उपकरणे असे ट्रेड बारकाईने विभागलेले होते. विमानातील यंत्रणा एकमेकींत गुंतत गेल्या तसे अनेक ट्रेड एकत्र केले गेले. आपल्या वडिलांच्या कामाचा विमानावरचा भाग आज मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स फिटरकडे असतो, तर जमिनीवरील संदेशवहनाचा भाग कम्युनिकेशन टेक्निशियनकडे जातो. शाळांची नावे बदलण्यामागेही हीच पुनर्रचना आहे.

तारखांसाठी दिल्लीतील सुब्रतो पार्क येथील एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज करावा. अर्जात वडिलांचा सेवा क्रमांक, हुद्दा, ट्रेड आणि निवृत्तीचे वर्ष स्पष्ट लिहावे, डिस्चार्ज बुकाची (सेवामुक्तीच्या वेळी मिळालेल्या पुस्तिकेची) प्रत आणि आपले नाते सिद्ध करणारा कागद जोडावा. अर्जाचा मसुदा तयार करताना अडचण आल्यास आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. डिस्चार्ज बुकात ट्रेडच्या पानावर अभ्यासक्रमांच्या नोंदी असतात. अर्ज पाठवण्यापूर्वी ते पान एकदा नीट पाहावे, पुष्कळदा हवी ती माहिती तेथेच मिळून जाते.