नारोशंकराची घंटा ज्यांची होती, ते लोक आज कुठे आहेत?

पंचवटीचा तांबट

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की गोदाघाटावर एक चक्कर होते. नारोशंकराच्या देवळाच्या भिंतीवर कमानीत टांगलेली घंटा नाशिककरांना वेगळी सांगायला नको. देऊळ १७४७ चं, घंटेवर साल १७२१. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनी आणल्या आणि त्यातली एक नारोशंकर राजेबहाद्दरांनी इथे लावली. इथवर शाळेतलं पोरही घडाघडा म्हणतं.

माझी नजर धंद्याची. आम्ही पत्रा मठारणारे लोक, आमचं सगळं ठोक्यावर चालतं. ही घंटा ओतीव. खालच्या ओठाशी जाड आणि वर खांद्याकडे पातळ होत गेलेली. टोला त्या जाड ओठावर बसतो म्हणून आवाज लांब जातो. धातू म्हणाल तर कासं, म्हणजे शंभरात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. कथील याहून वाढवलं तर घंटा काचेसारखी तडकते, कमी केलं तर आवाज बसका येतो. आपल्या देवळातली घंटा लोळी हलवून वाजवतात, या घंटा मात्र त्यांच्या मुलखात आडव्या लाकडाला बांधून अख्ख्या झुलवायचे. वरच्या कड्या त्यासाठीच भक्कम असतात.

तर, घंटा मला कळते. माणसं कळत नाहीत. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तेव्हा वसईकडची मंडळी दुकानात येतात. आडनाव डिमेलो, रॉड्रिग्ज, लोपीस, आणि बोलणं मराठी, पण असं मराठी की निम्मं डोक्यावरून जातं. मागच्या यात्रेला लाल लुगड्यातल्या एका मावशींनी पितळी परात उलटी करून, बुडाला बोट वाजवून पाहून घेतली. इतकी पारख करणारं गिऱ्हाईक हल्ली मिळत नाही. जाताना म्हणाल्या, "आमची घंटा बघून आलो."

ही माणसं पोर्तुगिजांचे वंशज म्हणायची की आपली? पुतण्या कॉलेजात इतिहास घेऊन बसलाय, त्याला घेऊन दोन दिवस कुठे जावं, म्हणजे पाटी वाचून परत येण्यापलीकडे काही हाती लागेल?

मालेगाव किल्ला

मालेगावचा भुईकोटही नारोशंकरांनीच बांधला, १७४० मध्ये. म्हणजे वसई पडली आणि लगेच. त्यांना विसरून नुसती घंटा-घंटा चाललेली असते म्हणून लिहिलं. बाकी "घंटा परत द्या, देऊ नका" हा वाद इथे कृपया कोणी सुरू करू नये, मागच्या धाग्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

गासचा कुपारी

तांबटदादा, ती मावशी आमच्याच गावाकडची असणार. लाल लुगडं आणि परात वाजवून घेणं, दोन्ही खुणा पटल्या.

आधी वंशाचं बोलतो, कारण हा प्रश्न आम्हाला लग्नापासून बँकेपर्यंत सगळीकडे विचारतात. आम्ही कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. गास, भुईगाव, गिरीज, निर्मळ, वाघोली, नंदाखाल हा आमचा पट्टा. घरात कादोडी बोलतो, तीच तुमच्या डोक्यावरून गेली. विहिरीवरची केळी, पानवेल, भाजी, फुलं हा पिढीजात धंदा. बाप्तिस्मा झाला तेव्हा पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं, म्हणून लोपीस. रक्त पोर्तुगीज आहे म्हणून नव्हे. खरे पोर्तुगीज आणि त्यांची मिश्र घराणी किल्ल्यात राहायची, आणि वसई पडल्यावर त्यांतली बहुतेक गोव्याकडे, दमणकडे निघून गेली. तहात राहणाऱ्यांच्या धर्माला धक्का लावायचा नाही असं ठरलं होतं. आमचे पूर्वज जमीन सोडून जाणार कुठे? ते राहिले. तेव्हा "तुम्ही पोर्तुगीज का?" असं विचारलं की आमची म्हातारी माणसं फणकारतात, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. १५३४ ते १७३९ हे एक राज्य होतं. आलं, गेलं. आम्ही त्याच्या आधीपासून याच विहिरींवर आहोत.

पण म्हणून त्या दोनशे वर्षांचं काही उरलं नाही, असंही म्हणता येणार नाही. मिश्र रक्ताचं सगळ्यात मोठं नाव वसईचंच आहे. संत गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई इथली. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत. आमच्या गासच्या चर्चला त्यांचंच नाव आहे.

मुंबईकडे ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात ते आमचे शेजारी, पण ते नाव पोर्तुगिजांनी दिलेलं नाही. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यांनीच ते घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरकडून नोकरीला आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, मूळ इथले, हे सरकारदरबारी कळावं म्हणून. त्यामुळे पुतण्याने वहीत "इंडो-पोर्तुगीज समाज" असं एकच खातं उघडलं तर हिशेब चुकेल. कोळी ख्रिस्ती वेगळे, आम्ही वेगळे, गोवेकर वेगळे. सोयरीक जमवायला बसा, मग कळतं किती वेगळे ते.

बघायचं काय? किल्ला बघाच. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा उभा आहे, दारावर १६०१ चा लेख आहे. त्याहून मला फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चची जमीन दाखवावीशी वाटते. छप्पर नाही, फरशीच्या जागी थडगी, त्यावर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. पावसाने झिजलीत, पण सकाळचं ऊन तिरपं असताना अक्षरं उठून दिसतात. दुपारी गेलात तर नुसता दगड. गुडघ्यावर बसून बोट फिरवलं की अक्षराची खोली लागते, ते तुम्हाला तांबटाला सांगायला नको. आणि लग्नाआधीची फोटोवाली जोडपी सगळीकडे असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं.

मग किल्ल्याबाहेर या. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, मराठीत असते. आमच्या मराठीला कमी लेखू नका. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

रेवदंड्याच्या बाई

मी रेवदंड्याला शाळेत मराठी शिकवायचे. वसईबद्दल वरती छान लिहिलंय, पण पुतण्याला पोर्तुगीज बोलणारी माणसं ऐकायची असतील तर वसईत ती मिळायची नाहीत. तिथली ती बोली केव्हाच संपली. १९०६ मध्ये भाषापंडित दालगादो यांनी उत्तरेकडच्या या बोलीवर लिहिलं, तेव्हा ती वसई, ठाणे, मुंबईत बोलली जात होती. आता या किनाऱ्यावर दमण, दीव आणि आमचं कोर्लई, एवढंच.

कोर्लई म्हणजे रेवदंड्यासमोर, कुंडलिका खाडीच्या पलीकडे. डोंगराच्या नाकाडावर किल्ला, पायथ्याशी ख्रिस्ती वाडी, मधोमध माउंट कार्मेलचं चर्च. चौल आणि कोर्लई १७४० च्या तहात मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले. ही माणसं मात्र मागे राहिली, आणि त्यांची भाषाही. बोलणारे हजाराच्या आसपास. बाहेरचे तिला क्रिस्ती म्हणतात, ते स्वतः "नो लिंग", म्हणजे आपली भाषा.

ती टिकली कशी, याचं मला नेहमी नवल वाटायचं. एक तर खाडीवर पूल नव्हता तोवर होडीशिवाय येणं-जाणं नव्हतं. भोवतालच्या गावांशी रोटी-बेटी नाही, लग्नं वाडीतल्या वाडीत. आणि चर्चमध्ये गोव्याकडचे पोर्तुगीज जाणणारे पाद्री येत राहिले. पण भाषा बंद बरणीत राहिली असं समजू नका. वर्गात मुलं माझ्याशी मराठी बोलायची आणि बाकावर खुसफुस चालायची ती क्रिस्तीत. कान देऊन ऐकलं की शब्द पोर्तुगीज असले तरी वाक्याची चाल आपली असायची, कर्ता आधी, क्रियापद शेवटी. लिस्बनचा माणूस चक्रावेल, आपल्याला मात्र ती चाल ओळखीची वाटते. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाभ्यासकाने यावर आख्खं पुस्तक लिहिलंय, १९९६ मध्ये.

एक मात्र मनापासून सांगते. कॅमेरा घेऊन "काहीतरी बोला ना त्या भाषेत" म्हणत दारात उभं राहणाऱ्या लोकांचा तिथे वीट आलाय. ती माणसं शेतावर जाणारी आहेत, त्यांना नमुना करू नका. चर्चपाशी जा, फादरना आधी विचारा, कोणी आपणहून बोललं तर बसून ऐका. रेवदंड्याच्या तटात सातखणी मनोरा आहे, तो येता-जाता होईल.

शरणपूररोड

थोडं नाशिकचं. आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की लोक शरणपूर दाखवतात आणि पोर्तुगिजांशी जोडून मोकळे होतात. संबंध नाही. शरणपूर १८५४ मध्ये इंग्रज प्रोटेस्टंट मिशनने वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनचा मृतदेह विलायतेला घेऊन जाणारा जेकब वेनराइट त्यातलाच. तोही वारसा मोठा आहे, पण पूर्ण वेगळा. बाळ येशूच्या यात्रेला वसई-मुंबईची गर्दी असते म्हणून नाशिकरोड पोर्तुगीज होत नाही.

पंचवटीचा तांबट

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं लक्षात ठेवतो, पुतण्याला फोन खिशातच ठेवायला सांगतो.

कुपारीदादा, दोन गोष्टी. एक, अशा घंटा अजून कुठे आहेत? ओतकाम ताडून बघायचंय. दोन, जेवणाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. घरच्यांना सोबत न्यायचं तर हाच प्रश्न आधी येतो.

गासचा कुपारी

घंटेसाठी वाईजवळ मेणवलीला जा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे, साल १७०७, अंगावर बाळ येशूला घेतलेली मारिया. तुमची १७२१ ची भिंतीवर उंच आहे, ही डोळ्यासमोर येते, त्यामुळे तुमच्या कामाची. भीमाशंकरलाही एक आहे.

जेवणाचं मुद्दाम टाळलं होतं, कारण सुरू केलं की थांबत नाही. बाटली मसाला एप्रिल-मेमध्ये होतो. मिरची, हळद आणि बाकीचा खडा मसाला कढईत एकेक करून वेगवेगळा भाजायचा, उखळात कांडायचा, आणि गडद रंगाच्या रिकाम्या बियरच्या बाटल्यांत भरायचा. हवा राहिली तर मसाला जातो, म्हणून काठीने ठासून ठासून भरतात. मग वर्षभर बघायला नको. पांढरी काच चालत नाही, रंग उडतो. खरं म्हणजे हा ईस्ट इंडियनांचा, पण आमच्याकडेही घराघरात आलाय, आणि कोणाचा चांगला यावरून भांडणं होतात. इंद्याल म्हणजे लसूण, लाल मिरची आणि सिरक्यातलं डुकराचं मटण. सिरका-लसणाची रीत त्यांची, मिरचीही त्यांनीच समुद्रापलीकडून आणलेली, हात मात्र आमच्या बायांचा. पहिल्या दिवशी खाऊ नका, तिसऱ्या दिवशी मुरतं. सोबत फुग्या, मैदा आणि अंडं ताडीत आंबवून तळलेल्या. हल्ली ताडीऐवजी यीस्ट घालतात. फुगतात, पण तो किंचित आंबूसपणा जातो. हॉटेलात यातलं काही धड मिळत नाही. कोणाच्या लग्नाचं किंवा सणाचं आमंत्रण मिळवा, हाच एक मार्ग. तुमच्या घरात मटण चालत नसेल तर सुकेळी घेऊन जा, उन्हात सुकवलेली आमची केळी, मुलांना आवडतात.

येताना गाडीने आलात तर भिवंडीवरून अंबाडी, वज्रेश्वरी करत या. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर नवस फेडायला बांधलं, ते वाटेतच आहे. रेल्वेने येणार असाल तर कल्याणला उतरून दिव्याला जा, तिथून वसईची गाडी मिळते, पण तिच्या वेळा बघून निघा, फेऱ्या थोड्या आहेत. पावसाळा संपल्यावर या, नाहीतर थडग्यांवर शेवाळ असतं आणि पाय घसरतो. किल्ला शनिवारी सकाळी करा. रविवारी सकाळी मिस्सा सोडून किल्ला दाखवायला गावातलं कोणी येणार नाही, आणि दुपारी जेवल्यावर तर मुळीच नाही.