एमआरएनएचं उत्तर जुळत नाहीये, लवकर मदत हवी

लातूर_रिपीटर: उद्या सकाळी नीटची टेस्ट आहे. ५'-एटीजी सीसीटी एएजी-३' या डीएनएपासून (५' आणि ३' ही त्याची टोकं) कोणता एमआरएनए, म्हणजे त्याची आरएनए प्रत, तयार होईल? मी यूएसी जीजीए यूयूसी काढलं. उत्तरसूचीत एयूजी सीसीयू एएजी आहे. सूची चुकलीय ना?

बायोवाली_ताई: हा स्ट्रँड, म्हणजे डीएनएची साखळी, कोडिंग की टेम्प्लेट (ज्यावर एमआरएनए बनतो तो)? प्रश्न पूर्ण टाक.

परभणीकर: सोपंय की राव. टी दिसला की यू लिहायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. बारावीला मी एवढंच केलं.

बायोवाली_ताई: दादा, ते कोडिंग स्ट्रँड दिला असेल तरच. टेम्प्लेट असेल तर ए ला यू, टी ला ए, जी ला सी, सी ला जी अशा जोड्या लावाव्या लागतात. पोराला अर्धवट सांगू नका.

पालक_नांदेड: कोणत्या क्लासला आहेस बाळा? फी किती घेतात?

कापूसवाला_जालना: जीनचंच चाललंय तर विचारतो, गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला जुमानत नाही ती कामून? जीन बिघडला का?

बायोवाली_ताई: नाही. कपाशीत जीन आहे, त्याचा एमआरएनए होतो, अळी मारणारं प्रथिनही होतं. अळ्यांमध्येच प्रतिकार आलाय.

अंबाजोगाईचे_सर: उलटा प्रवासही लक्षात ठेवा. आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर (एन्झाइम) टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवलं, १९७५ ला नोबेल मिळालं. कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीत तेच वापरतात.

लातूर_रिपीटर: सर, हे विचारलंच नव्हतं. आणि ताई, प्रश्नात वर 'कोडिंग' लिहिलंय, ते तर कुणालाही कळेल.

बायोवाली_ताई: आम्हाला कसं कळणार रे? मग सूची बरोबर आहे. एमआरएनए टेम्प्लेटवर जोड्या लावून बनतो, म्हणून तो कोडिंगसारखाच दिसतो, फक्त टी च्या जागी यू. तू कोडिंगवरच जोड्या लावल्यास.

परभणीकर: मी दुसरं काय सांगत होतो?

लातूर_रिपीटर: मग पुढचा बघा. टेम्प्लेट ५'-सीटीटी एजीजी सीएटी-३'. आता तर टेम्प्लेटच आहे. जोड्या लावून जीएए यूसीसी जीयूए आलं, पण पर्यायात हे नाहीच!

बायोवाली_ताई: टोकं बघ. टेम्प्लेट ३' कडून वाचला जातो आणि एमआरएनए ५' कडून ३' कडे वाढतो. तुझं उत्तर ३' टोकापासून लिहिलंय. शेवटच्या अक्षरापासून उलटं लिही.

लातूर_रिपीटर: एयूजी सीसीयू एएजी. आहे, तिसरा पर्याय. पण दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच कसं?

बायोवाली_ताई: समोरासमोरचेच दोन स्ट्रँड आहेत ते. पेपर काढणाऱ्यानं एकच तुकडा दोन्ही बाजूंनी विचारलाय. झोप आता.