सॉमरसेट मॉम : कथा आणि प्रवासवर्णने शेजारी ठेवून वाचताना

इंग्रजी लेखक सॉमरसेट मॉम (१८७४–१९६५) यांची ओळख आपल्याकडे बहुधा ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’ ही कादंबरी किंवा अभ्यासक्रमातली ‘द लंचन’ ही कथा यांपाशीच थांबते. त्यांची प्रवासवर्णने कथांच्या सोबतीने वाचली, तर दोन्हींकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असे माझे मत आहे. आपला अनुभव काय आहे, तो सविस्तर लिहावा.

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, सांगली
मी सुरुवात ‘लायझा ऑफ लँबेथ’पासून (१८९७) केली. वैद्यकीय विद्यार्थी असताना मॉम यांनी लंडनच्या गरीब वस्तीत तीन आठवड्यांत ६३ बाळंतपणे केली होती आणि ती वस्तीच या कादंबरीत उतरली आहे. प्रसूतिकक्षात उमेदवारी केलेल्या माणसाला ही नजर लगेच ओळखू येते. ती लक्षणे नेमकी टिपते, पण उसासे टाकत नाही. पुढे त्यांनी देशोदेशींची माणसे पाहिली, तीही याच नजरेने.

अनुवादक, पुणे
वरील मताला मी ‘ऑन अ चायनीज स्क्रीन’मधल्या (१९२२) एका लेखाचा दाखला देईन. रस्त्याने ओझे वाहत जाणारे हमाल लेखकाला आधी एखाद्या चित्रासारखे दिसतात आणि त्यांच्या विटक्या कपड्यांतल्या निळ्या छटांमध्ये तो रमतो. मग एक हमाल विसाव्याला थांबतो, तेव्हा कावडीच्या दांडीने खांद्यावर पडलेले लाल वळ, उघड्या जखमा आणि कायमचे आलेले टेंगूळ दिसते. एवढ्याशा लेखात प्रवाशाची हौस उघडी पडते, आणि लेखक स्वतःलाही त्यातून सूट देत नाही. कथेतला कलाटणीचा क्षण त्यांनी इथे वर्णनात आणून बसवला आहे. ‘द जंटलमन इन द पार्लर’मध्ये (१९३०) हे आणखी मोकळेपणाने घडते, ब्रह्मदेशातून सयामकडे जाताना लेखक वाटेत भेटलेल्यांच्या हकिगती सांगतो, बँकॉकमध्ये हिवतापाने आजारी पडतो आणि मध्येच चक्क एक परीकथा लिहून मोकळा होतो! रूढ अर्थाच्या प्रवासवर्णनाची अपेक्षा धरणाऱ्यांना ते पुस्तक विस्कळीत वाटेल. मला मात्र तेच सर्वांत आवडते.

वकील, नागपूर
‘द लेटर’ ही कथा क्वालालंपूरमधल्या १९११ च्या एका खऱ्या खटल्यावर बेतलेली आहे. मलायातल्या गोऱ्या मळेवाल्यांनी पाहुणचार केला आणि पाहुण्याने त्यांचीच बिंगे छापली, म्हणून तिथे मॉम यांच्यावर पुष्कळ रोष होता. माझा आक्षेप वेगळा आहे : या कथांमध्ये मलायी माणसे बहुधा पडद्यामागेच राहतात.

ग्रंथपाल, पणजी
हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु १९३८ च्या भारतभेटीतल्या टिपणांमध्ये, ज्यांत आमचा गोवाही आहे, मॉम इथल्या माणसांशी प्रत्यक्ष बोलताना दिसतात. तिरुवण्णामलईला रमण महर्षींच्या आश्रमात त्यांना भोवळ आली आणि महर्षी स्वतः त्यांना भेटायला आले. ‘द रेझर्स एज’मधले (१९४४) श्रीगणेश हे पात्र त्यांच्यावरूनच घेतलेले आहे. तरीही कादंबरीतल्या आश्रमाच्या भागापेक्षा याच प्रसंगावर मॉम यांनी पुढे लिहिलेला ‘द सेंट’ हा लेख मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तिथे कोणत्याही नायकाला ज्ञानप्राप्ती करून देण्याची घाई नाही.