मदत हवी आहे : मराठी संदर्भ खरे की एआयने रचलेले, कसं तपासायचं?

एम.ए.च्या प्रबंधिकांत चॅटजीपीटीने रचलेले संदर्भ येताहेत. इंग्रजी लेखांचं त्यातल्या त्यात सोपं: डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) doi.org वर टाकायचा आणि पान उघडलं तरी शीर्षक, लेखक जुळवायचे, कारण कधीकधी क्रमांक खरा असतो, पण लेख भलताच निघतो. प्रबंध असेल तर शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) आहेच. खरी पंचाईत ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ या मराठी वैचारिक नियतकालिकांच्या जुन्या अंकांची. लेखक खरा, नियतकालिक खरं, फक्त तो लेख कधी छापलाच गेलेला नाही! वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साम्य-तपासणीत हे सापडत नाही, तिथे फक्त मजकूर जुळतो का एवढंच कळतं.

या अंकांच्या लेखसूची एकत्र कुठे मिळतील? प्रत्येक संदर्भासोबत मूळ पानाचा फोटो कुणी मागतं का? अंक ग्रंथालयात नसेल तर काय करता?